मापे, माणसे आणि भाषा : वितोल्द कूला यांचा इतिहासविचार आणि नाशिकचा पुरावा

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रे कोरलेली आहेत. पहिले त्याच्या राज्यवर्ष १८ मधील आहे. पूर्वी उषवदाताकडे असलेले, अपरकखडी गावातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना दिल्याचे त्यात नमूद आहे. दुसरे सहा वर्षांनंतरचे, वर्ष २४ मधील; त्यात राजाबरोबर राजमातेचाही उल्लेख येतो. आधी दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतापैकी १०० निवर्तने त्याऐवजी देण्यात येत आहेत, असा त्याचा आशय. सातवाहनांच्या राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी या दोन लेखांचा उपयोग क्षहरातांच्या पाडावाचा पुरावा म्हणून भरपूर केला. तथापि त्यातील आकड्यांकडे कोणी फारसे थबकून पाहिले नाही. दोनशेच्या जागी शंभर दिले, आणि तरीही ती भरपाई मानली गेली. म्हणजे निवर्तन या शब्दाने क्षेत्र सांगितले जात असले, तरी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला अभिप्रेत असलेले मूल्य क्षेत्रात नव्हते. ते नांगर धरणाऱ्या माणसांत होते. माणसे उठून गेल्यावर दोनशे निवर्तने हा दगडावरचा निव्वळ आकडा उरला.

हा प्रश्न ज्याच्या दृष्टीने पाहिल्यास सुस्पष्ट होतो, तो इतिहासकार सातवाहनांचा नव्हे आणि भारताचाही नव्हे. वितोल्द कूला (१९१६–१९८८) हे वॉर्सा विद्यापीठात आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक होते. जर्मन अंमलाखालील वॉर्सात चोरून चालणाऱ्या वर्गांत त्यांनी शिकवले. त्यांचे दोन ग्रंथ पोलंडबाहेर प्रामुख्याने वाचले गेले. पहिला सरंजामी व्यवस्थेच्या आर्थिक सिद्धान्तावरचा, १९६२ मधील. त्याच्या फ्रेंच आवृत्तीला ब्रोदेल यांची प्रस्तावना आहे. दुसरा १९७० मधील, ज्याच्या पोलिश शीर्षकाचा अर्थ सरळ 'मापे आणि माणसे' असा होतो. तो १९८६ मध्ये इंग्रजीत आला. मराठी समीक्षेत आनाल संप्रदायाचे नाव अधूनमधून घेतले जाते, फूको तर उठताबसता निघतो. कूला यांचा निर्देश मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः भाषेच्या अभ्यासकाला त्यांच्यापासून शिकण्यासारखे अधिक आहे.

पोलिश समाजशास्त्रज्ञांना विकसनशील देशांविषयी जी विशेष आस्था वाटली, तिची कारणे त्यांच्याच इतिहासात आहेत. औद्योगिकीकरणाच्या वाटेवर मागे राहिलेल्या प्रदेशांचा सैद्धान्तिक विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला, तो पूर्व आणि आग्नेय युरोपच्या संदर्भात. क्राकूफ येथे जन्मलेल्या रोझेनश्टाइन-रोदान यांचा १९४३चा प्रसिद्ध निबंध त्याच प्रदेशांवर होता. पुढे ऑस्कर लांगे आणि मिहाउ कालेकी हे सल्लागार म्हणून भारतात येऊन गेले. इग्नासी साक्स यांनी दिल्लीत संशोधन केले आणि अविकसित अर्थव्यवस्थांतील सार्वजनिक क्षेत्रावरील त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने काढला. कूला यांचे पुत्र मार्चिन हेही इतिहासकार. त्यांनी ब्राझील, क्यूबा, बोलिव्हिया यांच्या इतिहासावर काम केले. परंतु नियोजनकारांचा भारत आणि इतिहासकाराचा भारत यांत अंतर आहे. लांगे, कालेकी यांना भारताचे भवितव्य दिसत होते. कूला यांनी सोळाव्या ते अठराव्या शतकातील पोलिश जमीनदारीचा जो नमुना मांडला, त्यात भारतातील वाचकाला स्वतःचा भूतकाळ दिसतो. आणि भूतकाळ म्हणावे तर तो पुरता सरलेलाही नाही.

'मापे आणि माणसे' या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका अशी की, जुन्या समाजात माप ही तटस्थ वस्तू नसते. ते दोन माणसांमधील संबंधाचे नाव असते. मापे निर्माण करणारा पहिला मनुष्य काइन, भावाचा खून करणारा, ही ज्यू इतिहासकार जोसेफसने नोंदवलेली समजूत कूला आरंभी सांगतात. मापापूर्वीचे जगणे भोळे होते आणि मापाबरोबर कपट आले, अशी ही लोकधारणा. कूला तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण ती कोणाच्या मनात का रुजली असेल, हे मात्र शोधत जातात.

त्यांचा सर्वांत समृद्ध भाग धान्याच्या मापाविषयीचा आहे. माप भरताना काठाच्या वर धान्याचा शंकू उभा राहतो. तो तसाच ठेवायचा की काठी फिरवून सपाट करायचा, यावर शेकडो वर्षे भांडणे झाली. भांड्याचे आकारमान तेवढेच ठेवून ते उथळ व रुंद केले की वरचा शंकू मोठा होतो. धान्य खांद्याच्या उंचीवरून ओतले तर ते दाबून बसते आणि त्याच भांड्यात अधिक मावते. हाताने हलकेच सोडले तर कमी. जमीनदाराचा हक्क अमुक इतकी मापे असा रूढीने ठरलेला असे आणि रूढी मोडणे धोक्याचे होते. मग आकडा तसाच राही आणि भांडे वाढे. कर वाढला असे कोणाला म्हणता येत नसे, आणि शेतकऱ्याच्या खळ्यातले धान्य मात्र कमी होई. हाच न्याय उलट दिशेने शहरातील पावाला लागू होता. पावाची किंमत एका नाण्याशी बांधलेली असे. दुष्काळात किंमत बदलत नसे, पाव लहान होई. (पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळतो आणि त्याचे वजन उतरत जाते, हे पाहणाऱ्याला ही युक्ती नवी वाटू नये.)

भारतीय वाचकाला येथे कौटिल्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात द्रोण या एकाच मापाचे चार प्रकार सांगितले आहेत. राजाच्या कोठारात येणाऱ्या धान्यासाठी २०० पलांचा द्रोण; व्यवहारातील द्रोण साडेबारा पलांनी कमी, म्हणजे १८७।। पलांचा, वेतनादी देण्यासाठी १७५ पलांचा, आणि अंतःपुराच्या शिध्यासाठी १६२।। पलांचा. पोलिश जमीनदार जे चोरून करत होता ते येथे शास्त्र म्हणून, कसलाही संकोच न बाळगता लिहिले आहे. त्याच प्रकरणात मापाच्या वरच्या शंकूसाठी 'शिखा' हा शब्द येतो आणि ती एकचतुर्थांश असावी असा नियमही येतो. या शिखेचे मराठी रूप म्हणजे शीग. 'शेरास सव्वाशेर' या म्हणीतील सव्वा आणि ही पाव हिश्श्याची शिखा यांचा सांधा जुळवण्याचा मोह कोणालाही होईल. पण तो मोहच समजावा, आकडा जुळला म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

शीग मात्र निःसंदिग्ध आहे. धान्याचे माप प्रचारातून गेले, पायली अडगळीत पडली. पण उत्साह शिगेला पोचतो, आनंद शिगोशीग भरतो. हे शब्द वापरणाऱ्या आजच्या लेखकाच्या डोळ्यांपुढे कोणतेही भांडे नसते. मराठीत असे अवशेष पावलोपावली आहेत. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही उतरंड शेरापर्यंत दुपटीने चढत जाई. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. मण किती पायल्यांचा हे मात्र गाव बदलले की बदले, आणि एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजारात शेर राहत नसे. यातली बहुतेक भांडी गेली, वाक्प्रचार उरले. खंडीभर पोरे, मणभर ओझे, छटाकभर अक्कल, तोळामासा प्रकृती, रुपयाला पासरी मिळणारे विद्वान, तसूभरही न ढळणारा निश्चय, गुंजभर सोने. तराजूची दोन पारडी सारखी करण्यासाठी टाकायचे ते पासंग; त्यावरून पासंगालाही न पुरणारा मनुष्य. आणि या सर्वांच्या मुळाशी असणारी दोन शब्दांची, यमकाने बांधलेली तक्रार : मापात पाप.

खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात होती. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी तिचा अर्थ शुभसूचक उच्चार असा लावला, आणि तो चुकीचा नाही. पण कूला वाचल्यावर त्या उच्चारात आणखी काही ऐकू येते. खळे ही अशी जागा होती की तेथे वर्षभराच्या सर्व नात्यांचा हिशेब एकाच दिवशी व्हायचा. सरकारचा वाटा, सावकाराचे देणे, बलुतेदारांच्या पेंढ्या, देवाचे, भिक्षेकऱ्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाची खरी शक्ती त्यातील गावाच्या सिद्धान्तात नाही, या देण्याघेण्याच्या बारीक वर्णनात आहे. ज्या राशीतून इतके हात उचलणार, तिच्या पहिल्या मापाला लाभ म्हणणे ही प्रार्थना होती तशीच ती धास्तीही होती.

जमिनीच्या मापांतही हीच गोष्ट. कूला दाखवतात की जुना शेतकरी जमीन क्षेत्राने मोजत नाही, श्रमाने किंवा बियाण्याने मोजतो : एका दिवसात नांगरून होईल ती, किंवा इतके बी पेरावे लागेल ती. हे मोजणे अडाणीपणाचे नाही. चढावरची खडकाळ जमीन आणि नदीकाठची काळी यांना एकाच काठीने मोजणे हेच त्याला अडाणीपणाचे वाटते. मराठीत दोन औतांची शेती म्हटले की एकर सांगावे लागत नाहीत. निवर्तन या शब्दाच्या धातूतही परत वळण्याचा अर्थ आहे. तासाच्या टोकाला जाऊन वळणारे बैल त्यात पाहता येतात. शास्त्रग्रंथांनी निवर्तनाची जी मोजमापे दिली ती परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून अभ्यासक त्रासतात. कूला कदाचित त्रासले नसते. उषवदाताच्या लेखात तर आणखी बोलका पुरावा आहे. कापूर आहारातील चिखलपद्र गावी त्याने जे दिले ते क्षेत्र म्हणून दिलेच नाही. नारळीची ८००० झाडे म्हणून दिले. त्याच लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा हिशेब मात्र काटेकोर आहे. त्यातील २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. एकाच दात्याच्या दोन भाषा आहेत. पैसा आकड्यात बोलतो, जमीन झाडांत बोलते.

राज्यसंस्था या दुसऱ्या भाषेशी झगडत असते, कारण तिला दूर बसून वसूल करायचे असते. सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीचे जे वर्णन आले आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. काठी पाच हात व पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. एकूण काठी ब्याऐंशी तसू. वीस काठ्या लांब व वीस रुंद तो बिघा. १२० बिघ्यांचा चावर. हात आणि मूठ ही माणसाच्या शरीराची मापे आहेत. परंतु हात किती तसूंचा हे एकदा वरून ठरले की तो कोणाचाच हात राहत नाही. मापाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा क्षण बखरकाराने सहजगत्या नोंदवला, आणि बखरगद्याच्या शैलीची चर्चा करणाऱ्या समीक्षेने तो परिच्छेद रूक्ष म्हणून ओलांडला. ती रूक्षता हाच त्याचा आशय आहे. राजाचे शौर्य सांगणारे गद्य तेथे थांबून राज्याचे हिशेब सांगणारे गद्य सुरू होते.

तथापि कूला यांची पद्धती जशीच्या तशी येथे आणता येत नाही. त्यांच्या हाती एक असाधारण साधन होते. १७८९ मध्ये फ्रान्सच्या गावोगावी लिहिल्या गेलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत मापांविषयीच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. एक राजा, एक कायदा, एक वजन, एक माप अशी मागणी शेतकऱ्यांनी स्वतः केली. दशमान पद्धतीच्या मागे अशी खालून आलेली मागणी होती हे कूला यांचे प्रतिपादन त्यावर उभे आहे. महाराष्ट्राच्या रयतेच्या अशा वह्या नाहीत. पेशवे दप्तर आहे, पण ते मोजणाऱ्याचे दप्तर आहे. भारतात दशमान पद्धती आली ती १९५६च्या कायद्याने, स्वतंत्र देशाच्या नियोजनाचा भाग म्हणून. १९५७ मध्ये नवे पैसे आले, त्यानंतरच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो आला. ज्याचे माप मारले गेले त्याचा आवाज या सगळ्यात कोठे शोधावा?

तो भाषेत आहे असे उत्तर सुचते, आणि ते बरेचसे खरेही आहे. मापात पाप, घ्यायची मापे वेगळी आणि द्यायची वेगळी, ही रयतेची गाऱ्हाणी आहेत. पण येथेच सावध व्हायला हवे. शीग या शब्दाचे भाग्य पाहावे. भरणाऱ्या कुळाच्या दृष्टीने शीग म्हणजे मापाबाहेर गेलेले धान्य, हक्कावाचून घेतलेले. मराठीत मात्र शीग हा समृद्धीचा शब्द झाला. तो कोणाच्या तोंडून झाला? ज्याच्या कोठारात शिगोशीग मापे पडत होती, त्याच्या? की स्वतःच्या घरची कणगी भरणाऱ्या कुणब्याच्या, दारी आलेल्याला माप सपाट न करता घालणाऱ्या त्याच्या बायकोच्या? दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. भाषा गाऱ्हाणे जपते तशी ते पुसतेही, आणि कोणत्या शब्दात काय झाले याचा निकाल शब्दकोशावरून लागत नाही. प्रत्येक वेळी उक्ती कोणाची, कोणाला उद्देशून, कोणत्या खळ्यावरची, हे विचारावे लागते. ग्रामीण साहित्याच्या मराठी समीक्षेने हे शब्द 'मातीचा गंध' किंवा 'बोलीचा रंग' म्हणून टिपले आणि त्यावर समाधान मानले. परिणामी कादंबरीतील आर्थिक संबंध आणि कादंबरीतील भाषा हे दोन निराळे परिच्छेद झाले. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) मध्ये ट्रॅक्टर येतो आणि बैल जातात, यावर यंत्र विरुद्ध निसर्ग असे पुष्कळ लिहिले गेले. बैलांबरोबर औत हे माप जाते. त्या मापाने स्वतःचे काम, दिवस आणि मोल जाणणारा सालगडी नारबा मोजता न येणारा होतो. त्याच्या निवेदनाची बोली ही त्या नाहीशा होणाऱ्या मोजणीची भाषा आहे. ती केवळ रंग नव्हे.

कूला यांच्या १९६२च्या ग्रंथाचा आरंभ अशाच एका न मोजलेल्या वस्तूपासून होतो. पोलिश जमीनदारीच्या हिशेबवह्या आधुनिक पद्धतीने तपासल्या, म्हणजे वेठीच्या श्रमांची, स्वतःच्या रानातील लाकडाची, स्वतःच्या दाण्याची बाजारभावाने किंमत धरली, तर प्रत्येक जमीनदारी तोट्यात निघते. किंमत धरलीच नाही तर प्रत्येक जमीनदारी भरघोस नफ्यात निघते. दोन्ही निष्कर्ष निरर्थक, कारण ज्या व्यवस्थेत श्रम विकत घेतलेच जात नव्हते तिला आपण आपल्या मापाने मोजत असतो. नेमक्या त्याच वर्षी मुंबईच्या 'इकॉनॉमिक वीकली'त अमर्त्य सेन यांनी भारतीय शेतीविषयी मांडलेला मुद्दा याच्या अगदी जवळचा होता : कुटुंबाच्या श्रमांची मजुरीच्या दराने किंमत केली तर देशातील बरीचशी शेती तोट्याची दिसते, तरीही ती केली जाते.

१९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात शेतकरी संघटनेने कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवली. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती, आणि तिच्या मागचा युक्तिवाद उत्पादन खर्चाचा होता. शरद जोशी यांच्या मांडणीत शेतकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी शेतात घातलेले श्रम त्या खर्चात धरायलाच हवेत असा आग्रह होता. घामाचे दाम ही घोषणा त्याचेच संक्षिप्त रूप. हिशेबतज्ज्ञाला जो केवळ गणिताचा पेच वाटत होता, तो नाशिकच्या रस्त्यावर हक्काचा प्रश्न होऊन उभा राहिला. कूला यांनी वर्णिलेल्या जगात आकडा स्थिर होता आणि माप लवचीक होते, म्हणून भांडण मापाचे होते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात नेमके उलट घडले. रुमालाखाली बोटे दाबून होणारे गुप्त सौदे कायद्याने बंद झाले, उघडा लिलाव आला, क्विंटल सर्वांसाठी शंभर किलोंचा झाला. माप स्थिर झाले आणि भाव सुटा झाला. मापातले पाप अशा रीतीने भावात गेले, आणि गाऱ्हाणेही त्याच्या मागोमाग गेले. कडता, तोलाई, हमाली यांवरची तक्रार पुरती मिटली नाही. पण १९८० च्या आंदोलनाच्या मुख्य मागणीत तराजूचा उल्लेख नव्हता. कूला यांच्या नमुन्यात माप आणि भाव यांची अशी अदलाबदल युरोपच्या इतिहासात दीड-दोनशे वर्षे घेते. येथे ती एका पिढीत घडली. ज्या शेतकऱ्याने लहानपणी पायलीने रास मोजताना लाभ हा उच्चार ऐकला, तोच क्विंटलच्या भावासाठी नोव्हेंबरच्या थंडीत रुळांवर बसला असणे शक्य आहे.

अशा मनुष्याच्या बोलण्यात दोन्ही मोजण्या एकत्र नांदतात. कांदा क्विंटलने विकला, उसाचा भाव टनाने सांगितला, तरी मातीमोल भाव मिळाला की तो रुपयाला पासरी गेला असेच म्हटले जाते. पासरी म्हणजे पाच शेर. ते माप कायद्यातून गेले त्याला साठ वर्षे उलटली.